भिंत म्हणे मी फोडली

आधी एक गोष्ट साफ सांगून टाकते. भिलाईच्या आमच्या क्वार्टरातली भिंत मी फोडली नाही. माझ्या नवऱ्यानं फोडली. मी खाली पडलेल्या विटा घमेल्यात भरून अंगणात नेऊन टाकत होती, डोळ्यात धूळ जात होती, अन् आम्ही दोघं हसून राहिलो होतो. एवढं खरं आहे. बाकी जे ऐकाल ते बंडल.

हे तवा स्टील प्लांटमधी मशीन शॉपले चार्जमन होते, कामगारांच्या वर अन् ऑफिसरच्या खाली. आमाले कंपनीच्या टाऊनशिपमधी, सेक्टरात दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. एका लायनीत बारा घरं, अन् बाराच्या बारा सारखी. तोच पिवळा चुना, तेच हिरवे दरवाजे, अंगणात त्याच कोपऱ्यात नळ. आमच्याकडं येणारा पाहुणा हमखास शेजारच्या घरात जाऊन बसे अन् चहा पिऊन झाल्यावर त्याले समजे. म्हणून बायकांची सारी हौस आतून घर सजवण्यावर. कोणी टीव्हीले क्रोशाचा झगा विणे, कोणी सुतळीच्या गाठी मारून कुंड्या टांगे. मी जुन्या साड्यांचे झालरीवाले पडदे शिवले होते. प्लांटकडून वारा सुटला की तांबडी धूळ येऊन त्याच्यावर बसे, आठ दिवसांनी पुन्हा धुवा. मले कंटाळा नव्हता त्याचा. मी तेवढ्यात खूष होती, खरं सांगते.

आर्चचं खूळ ह्यायच्या डोक्यात घुसलं. बोरसीले ह्यायच्या एका दोस्तानं घर बांधलं होतं, त्याच्या वास्तुशांतीले गेलो. बैठक अन् मधली खोली यांच्यामधी दरवाजाच नाही, मोठी गोल कमान! तिच्यात मण्यांचा पडदा. तवा ती फॅशनच निघाली होती, आर्च नाही म्हणजे घर नाही. परत येताना स्कूटरवर हे एकच बोलत होते, "आपल्याकडं बी पाहिजे बुवा असं."

मी म्हटलं, "अवो, त्यायचं स्वतःचं घर आहे. आपलं कंपनीचं. उद्या कोणी विचारलं तं?"

"कोण विचारते? रिटायर होईपर्यंत इथंच राहायचं आहे आपल्याले."

तीन सुट्ट्या लागल्या. पहिल्या सुट्टीले ह्यायनं दोन खोल्यांमधली चौकट काढली अन् छिन्नी-हातोड्यानं दोन्ही बाजूनं हात हात भिंत फोडली. दुसऱ्या सुट्टीले सुपेल्याच्या बाजारातून सळी आणली अन् अंगणात बसून वाकवली. मशीन शॉपचा माणूस, वाकण असं बरोबर आलं की मी पाहातच राहिली. तिसऱ्या सुट्टीले जाळी बांधून सिमेंट भरलं. मी डिस्टेंपर लावला, फिक्कट गुलाबी, अन् आतून किनारीले चॉकलेटी पट्टा. तो पट्टा मात्र माझा. ह्यायले तो नको होता, मी ऐकलं नाही.

मंग काय विचारता! साऱ्या लायनीतल्या बायका पाहायले आल्या. कोणी म्हणे, सिनेमातल्या घरासारखं झालं. शेजारची तं दोनदा आली, दुसऱ्या वेळी नवऱ्याले घेऊन. तो विचारी, "किसने बनाया?" अन् हे म्हणत, "सब इसका दिमाग है, मैं तो मजदूर हूँ." मी लाजून आत पळे. चार लोकांत नवरा असं बोलला की कोणती बाई विरघळत नाही? मी तं साखरेसारखी विरघळली.

वर्षभर ती कमान राहिली. मंग आमच्या लायनीची चुना मारायची पाळी आली. टाऊनशिपची माणसं आली, त्यायचा सुपरवायझर घरात शिरला अन् कमानीपाशी थबकला. वहीत लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी नोटीस आली. विना परवानगी बदल केला, खुलासा द्या, भिंत पहिल्यासारखी करा.

नेमका तवाच ह्यायचा ऑफिसरच्या पोस्टचा इंटरव्ह्यू होता. हे नोटीस घेऊन बाजेवर बसले, चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, "जाऊ द्या, बुजवून टाकू. कमान काय, नोकरी मोठी." हे म्हणाले, "मी पाहातो काय करायचं ते." दोन दिवसांनी आले तं एकदम हलके. "झालं मॅनेज. फक्त भिंत बांधून घेतील." मी देवापुढं साखर ठेवली.

भिंत बांधायले मिस्त्री आला, त्याच्यासोबत एक म्हातारे ओव्हरसियर. हे ड्यूटीवर. मी त्यायले खुर्ची दिली, चहा दिला. भल्या माणसाची जीभ चहानं सैल होते. ते म्हणाले, "बहनजी, बुरा मत मानना. ऐसा काम करने से पहले आदमी से पूछ लेना चाहिए. बेचारे साहब कितने परेशान हुए."

मले समजेचना. "किससे पूछना?"

त्यायनं फाईल उघडून कागद माझ्यापुढं धरला. ह्यायचं अक्षर. मी ते अक्षर लग्नाच्या आधीपासून ओळखते. लिहिलं होतं, मेरी ड्यूटी के समय, मेरी जानकारी के बिना, मेरी पत्नी ने नासमझी में दीवार तुड़वा दी. खाली सही, तारीख, ह्यायचा प्लांटातला तिकीट नंबर.

मी ते दोनदा वाचलं. मंग कागद परत दिला अन् म्हटलं, "और चाय लेंगे?" दुसरं काय म्हणणार? त्या परक्या माणसापुढं नवऱ्याले खोटं पाडू? मागं मिस्त्री विटा रचून राहिला होता, माझा चॉकलेटी पट्टा एकेक वीत झाकला जाऊन राहिला होता. मी सैपाकघरात जाऊन भिंतीले डोकं टेकलं अन् रडली. नासमझी म्हणे! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. चार लोकांत "सब इसका दिमाग" अन् कागदावरही सारं माझंच डोकं!

हे आले. मी ताट वाढलं, पहिला घास तोंडात जाऊ दिला, मंग विचारलं.

हे दचकले नाहीत. तेच मले जास्त लागलं. भाजी कालवत म्हणाले, "अवं, माझ्यावर ॲक्शन झाली असती तं इंटरव्ह्यू गेला असता. तुयावर कोण ॲक्शन घेते? तू काय कंपनीची नोकर आहेस?"

"मंग मले सांगायचं तं होतं."

"त्यात काय सांगायचं? कागदावरचं आहे ते."

"मले विचारलं असतं तं मी स्वतः लिहून दिलं असतं," मी म्हटलं. "सही करून. खोटं आहे हे माहीत असून. तुमच्यासाठी दिलं असतं."

त्यावर ह्यायनं भात मागितला. मी वाढला. महिनाभर कामापुरती बोलली, मंग आमच्या लहान पोरीचा ताप, दिवाळी, असं करत करत बोलणं सुरू झालं. संसारात अबोला धरून कोण किती दिवस बसते?

ह्यायले पोस्ट भेटली. तीन खोल्यांचं क्वार्टर भेटलं, पुढं बगिचा. नवीन घर पाहायले ह्यायच्या डिपार्टमेंटची सात-आठ माणसं बायकांसकट जेवायले आली. मी पुऱ्या तळत होती. बैठकीतून एकीनं विचारलं, "भाभीजी, यहाँ क्या-क्या सजावट करेंगी?"

अन् ह्यायचा आवाज आला. "इनको मत पूछो! पुराने क्वार्टर में मैं ड्यूटी पे था, इन्होंने पीछे से दीवार तुड़वा दी. लौटा तो देखता हूँ, घर में आर्च!" सारे खो खो हसले. हे रंगात आले. परत आल्यावर आपण कसे दारात उभे राहिलो, हातातून टिफिन कसा पडला, मी कशी डिस्टेंपरच्या हातानं कोपऱ्यात लपली. एवढं तं त्या कागदावरही नव्हतं.

माझ्या अंगाची लाही झाली. झारा हातात, तशीच बाहेर आली अन् सगळ्यांपुढं मराठीत म्हटलं, "छिन्नी कोणाच्या हातात होती, सांगा बरं."

लोकं पुन्हा हसले. त्यायले वाटलं, नवरा-बायकोची थट्टा चालू आहे. पण मी ह्यायच्या तोंडाकडं पाहात होती. म्हटलं, आता डोळे चोरतील, नाही तं डोळ्यानंच खूण करतील, गप्प राहा म्हणून. तेवढंही मले पुरलं असतं.

हे माझ्याकडं अगदी सरळ पाहून राहिले होते, खरोखर गोंधळून. "अवं, काय बोलून राहिली? मी तं तवा शिफ्टले होतो ना."

मी आत आली. कढईतली पुरी काळी झाली होती, ती काढून टाकली, दुसरी लाटली. खोटं लिहिलं तवा निदान खरं काय ते आमाले दोघांले माहीत होतं. आता ते मले एकटीलेच माहीत आहे.