सात नंबरचा सांचा

...तर टाच! धुडकूनं जमिनीला कान नाही, टाच लावली, काल गोष्ट इथवर आली होती. कान लावून करणार काय? तीस वर्षं सांच्यावर, म्हणजे कापड विणायच्या लूमवर, उभं राहून कान कधीच गेले होते. टाच मात्र अशी तयार, की पाय टेकला की गडी सांगायचा, "चार नंबरचा पट्टा सैल पडलाय."

डिंडोलीत छगनभाईचा बारा सांच्यांचा कारखाना, आणि त्याच्या भिंतीला चिकटून धुडकूची खोली. भिंतीपलीकडं सात नंबरचा सांचा, बावीस वर्षं धुडकूच्याच हातातला. खोलीत फळीवर पाण्याचा तांब्या असायचा. सांचा चालू झाला की पाण्यावर बारीक वलयं उठायची. बायको, भागीरथी, बघून हसायची, "तुना सांचा बोली राहिना!" म्हणजे, तुझा सांचा बोलतोय. दुपारी सांचा थांबून पाणी निवलं की ती तवा चढवायची. गडी सुटला, जेवायला येतोय, हे पाण्यानंच सांगितलेलं.

भागीरथी जाऊन दोन वर्षं झाली. धुडकूचं कामही सुटलं, सात नंबर दुसऱ्याच्या हाती गेला. तांब्या फळीवरच राहिला. पाणी थरथरायचं, हा बघत बसायचा. पाणी निवलं की उठून एका जिवापुरती भाकर थापायचा. दिवसभरात त्याच्याशी बोलणारं तेवढंच.

आणि गल्लीनं तक्रार केली. भांडी वाजतात, भिंतींना तडे जातात. गल्लीतल्या सुकलालची पोरगी हर्षदा इंजिनिअर झालेली. ती म्हणाली, सांच्यांच्या पायांखाली थरांच्या गाद्या घाला. छगनभाईनं काम दिलं कुणाला? धुडकूलाच.

आता गादी म्हणजे कापसाची नव्हे हं! मागं कारखान्यातल्या संदीपनं खरोखरच कापूस कोंबला होता. संध्याकाळपर्यंत सांचा हातभर सरकून दाराशी आला, जशी त्याचीच सुटी झालेली! ही गादी म्हणजे रबर, पत्रा, नमदा म्हणजे दाबलेली लोकर, पुन्हा रबर. धुडकू समजावायचा, "मऊ, कडक, पुन्हा मऊ. प्रत्येक सांध्यावर हादरा अडखळतो. थोडा मागं फिरतो, थोडा पुढं जातो, अन् पुढं गेलेला रबर गिळून टाकतं. हात लावा संध्याकाळी, गादी कोमट लागते. पण आरपार बोल्ट मारू नका रे! हादऱ्याला ती सरळ वाट."

लोक हीच चूक करतात. सांचा सरकू नये म्हणून आरपार बोल्ट ठोकतात, अन् सगळे थर फुकट.

आठ दिवसांत काम उरकलं. गल्ली गप्प झाली. हर्षदा हादरे मोजायचं यंत्र घेऊन घरोघर भिंती तपासत फिरली, शेवटी कारखान्यात येऊन सात नंबरपाशी वाकली. भिंतीकडच्या पायात, गादीच्या आरपार, नवाकोरा बोल्ट.

छगनभाई हसला, "काका, घरडा थई गया, म्हातारे झालात! दुनियेला शिकवलं अन् स्वतःच विसरले!"

धुडकूला ऐकू आलं नाही. तो सांच्यावर हात ठेवून उभा होता. हर्षदा त्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी ओरडली, "आबा, सगळ्या भिंती गप्प झाल्या. एकच थरथरते, तुमची! बोल्ट चुकून राहिला ना? काढते मी. तुम्हाला शांत झोप लागेल."

तिनं पाना लावलासुद्धा. धुडकूनं तिच्या हातावर हात ठेवला.

"चुकून नाही, माय. मीच ठोकला. माझ्या भिंतीची तक्रार कुणी केली नाही, मग ती कशाला गप्प करतेस? काढायचाच असेल तर काढ, पण दुपारची सुटी होईस्तोवर थांब. आज अजून तांब्यातलं पाणी निवलं नाही, अन् ते निवल्याबिगर मला भाकर टाकता येत नाही."