काचेवर उतरलेलं बाजलं

कॅमेरा मी जाकडावर घेतला होता. एका बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत वापरून बघायचा, खोट निघाली तर परत, नाही निघाली तर माझा. एवढी अट कबूल करून घ्यायला मला तीन कप चहा प्यावा लागला आणि दोनदा ओट्यावरून उठून निघाल्याचं सोंग करावं लागलं. विकणारे मास्तर जव्हारला दरबारचे फोटो काढायचे. संस्थान विलीन झालं, त्यांचं काम संपलं आणि कॅमेरा घरात धूळ खात पडला.

दुसऱ्या कोणाचा असता तर मी एवढं ताणून धरलं नसतं. पण या माणसावर माझा राग होता. संस्थान असताना माझं लग्न झालं. मी साखरशेतचा, बायको पोशेऱ्याची. लग्नाच्या लुगड्यातच तिला घेऊन मी मास्तरांच्या दारात गेलो आणि आमच्या दोघांचा एक फोटो काढा म्हणून विनवलं. मी तेव्हा डहाणूकडून सुके बोंबील आणून बाजारोबाजारी विकायचो. मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हा दरबारचा कॅमेरा आहे. तुला समोर उभा केला तर काचेला वास लागेल." ओट्यावर बसलेली चारपाच माणसं हसली. बायको खाली बघत राहिली. वास मी तेव्हाही धुवून गेलो होतो, हे मला आजही सांगावंसं वाटतं.

तर तो कॅमेरा आता माझ्या हातात आला होता. हार्मोनियमसारखा चामड्याचा भाता, तीन पायांचा लाकडी स्टँड, आणि करून बघायला तीन काचा. काच धुवायची विद्या मी डहाणूच्या एका फोटोवाल्याला बोंबील खाऊ घालून शिकलो होतो. वैशाखातली दोन लग्नं मी आधीच बोलून ठेवली होती. त्याहून मोठं धाडस म्हणजे बाजारातली माझी बसायची जागा दुसऱ्याला देऊन टाकली होती. कॅमेऱ्यात खोट निघाली असती तर मला परत पाटी टाकायलाही जागा नव्हती.

पहिली काच सासऱ्यांच्या बैलावर गेली. बैलाने मान हलवली आणि फोटोत त्याला दोन तोंडं आली. दोष बैलाचा की कॅमेऱ्याचा, काही ठरेना. मग मनात आलं, जे हलतच नाही त्याचा फोटो काढावा. डोंगराचा काढला असता तर शहाणपणा झाला असता. पण मला मास्तरांना असं काही दाखवायचं होतं, जे त्यांनी दरबारात सारा जन्म घालवून काढलं नव्हतं. मी चांदण्यांचा फोटो काढायचं ठरवलं. चांदण्या डोळे मिटत नाहीत आणि 'मला काळं का काढलं' म्हणून भांडत नाहीत.

चैत्रातली अवस होती. पोशेऱ्याला सासऱ्यांच्या घरामागे उघडा माळ आहे. दक्षिणेच्या उतारावर कोणाकोणाचे भातरोपांची जमीन भाजायचे राब जळत होते, त्यांचा उजेड नको म्हणून मी कॅमेरा उत्तरेकडे तोंड करून उभा केला. स्टँडचे पाय दगडांनी आवळले. जेवणं झाल्यावर लेन्सचं झाकण काढलं आणि दोन तास तसंच ठेवायचं ठरवलं. त्या दोन तासांत मी घरात कोणाला दिवा लावू दिला नाही. बायको माझ्याजवळ बसली होती.

"डास चावतायत," ती म्हणाली.

"चावू दे. हलू नको."

"फोटो माझा काढताय का चांदण्यांचा?"

मी तिच्यावर खेकसलो.

झाकण लावून घरात आल्यावर कंदिलाला लाल कापड गुंडाळून मी काच धुतली. धुतलेल्या काचेवर पांढऱ्याचं काळं दिसतं, म्हणजे चांदण्यांचे काळे ठिपके दिसायला हवे होते. मला ठिपका एकही दिसला नाही! सगळ्या काचेवर वाकड्या रेघा, कोणी नखाने ओरबाडल्यासारख्या. मला दोनच कारणं सुचली. एक तर भाता आपल्या वजनाने खाली घसरत होता आणि मास्तरांनी ते मला सांगितलं नव्हतं. नाहीतर बायकोने स्टँडला पाय लावला होता.

"तूच उठली असशील मधे!"

"मी उठलेच नाय."

मी आवाज चढवला. तिने पुन्हा तेच सांगितलं आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काच मी तिला दाखवलीही नाही, फडक्यात गुंडाळून ठेवली.

बाजाराच्या दिवशी आम्ही जव्हारला गेलो. तिला मीठ-मिरची घ्यायची होती म्हणून ती बरोबर होती, माझ्या मागे चार पावलं. मी मास्तरांच्या ओट्यावर कॅमेरा ठेवला, फडकं सोडलं आणि तोंड सोडलं. तुम्ही मला फसवलंत, भाता सैल आहे, दरबारचा माल म्हणून भंगार गळ्यात मारलंत. मास्तर काच उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले. माणूस म्हातारा दिसायला लागला होता.

"भाता चांगला आहे," ते म्हणाले. "हे काय आहे ते मला कळत नाही. पण तुला नको असेल तर ठेव इथेच. पालघरचा एक जण दोनदा विचारून गेलाय."

त्यांनी कॅमेरा उचलून आपल्याकडे ओढला. वैशाखातली लग्नं, गेलेली जागा, सगळं एकदम आठवलं. पण रागाने बोललेलं मागे कसं घ्यायचं?

तेव्हा बायको पुढे आली. "बघू," म्हणून तिने मास्तरांच्या हातातून काच घेतली आणि फिरवून सरळ केली.

"उलटी धरलीय तुम्ही. हे बाजलं हाय. हे चार पाय, हे मागचे तीन चोर. रेघांची ही टोकं बघा. आणि आता ही दुसरी टोकं, पुन्हा बाजलंच. आपण बसलो तवा इथं होतं, उठलो तवा इथं आलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाजाराच्या दिवशी बाजलं कुठवर फिरलंय ते बघूनच मला उठवता ना?"

सप्तर्षींना आमच्याकडे बाजलं म्हणतात. म्हातारीचं बाजलं, तिची खाट, चोर ओढत नेतात आणि ते रात्रभर फिरतं. लहानपणापासून मी त्यावर वेळ बघत आलो होतो. आणि जे हलत नाही त्याचा फोटो काढायचा म्हणून मी नेमकं तेच निवडलं होतं!

"आणि हा ध्रुव," तिने बोट ठेवलं. खाली, सगळ्या रेघांच्या मधोमध, टाचणीच्या डोक्याएवढा एक गोल ठिपका होता. कॅमेरा तसूभर सरकला असता तरी त्याचीही रेघ झाली असती. भाता पक्का होता. आणि तीही उठली नव्हती.

मी ओट्यावर बसूनच गेलो. मग लगेच उठलो आणि कॅमेरा मास्तरांच्या पुढ्यातून ओढून घेतला. "जाकड संपलं. हा माझा."

"आत्ता तर भंगार म्हणत होतास!"

"म्हणालो असेन. बाजार उठेपर्यंत मुदत आहे."

मास्तरांनी पुन्हा काच मागून घेतली. "मला हे कधी सुचलं नाही," ते म्हणाले. मनापासून म्हणाले असावेत. पण एवढ्याने माझा राग जाणार नव्हता.

"एक काच उरलीय," मी म्हटलं. "आमच्या दोघांचा फोटो काढा. मी आज बोंबील आणलेले नाहीत."

मास्तरांनी स्टँड अंगणात मांडला आणि काळ्या फडक्याखाली डोकं घातलं. आतून आवाज आला, "हलू नका."

बायको खुदकन हसली.

तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. मी त्यात खांबासारखा ताठ, कपाळाला आठ्या. तिचा चेहरा मात्र हललाय, नाक कुठे आणि हसू कुठे. तेवढ्या एका फोटोची तक्रार घेऊन मी कोणाच्या दारात गेलो नाही.