बिनरंगाची गाडी

हैबतीच्या पायाला भिंगरी होती, हे पोलादपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. माणूस मोठा हुन्नरी. लाकूड म्हणा, लोखंड म्हणा, त्याच्या हाताखाली मुकाट वळायचं. पण काम हातावेगळं झालं की त्याला घर खायला उठे. घरावर नवी कौलं चढली आणि हा मुंबईला मोटारींच्या गॅरेजात गेला. गोठा उभा राहिला आणि हा कोयनेला धरणाच्या कामावर गेला. विहिरीचा कठडा बांधला तेव्हा तर चुना ओला होता, तोच हा कुठल्याशा ट्रकवर बसून घाट चढला. परत यायचा, नाही असं नाही. पण कधी, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मागे राहायची आवडी, त्याची बायको. शेत तिनं बघायचं, सासू तिनं सांभाळायची, आणि ‘काय गो, कुठं हाय तुझा नवरा?’ असं कुणी विचारलं की हसायचंही तिनंच.

असं करता करता ती एक गोष्ट शिकली. काम अर्धं आहे तोवर नवरा घरात आहे. काम संपलं की नवरा संपला.

गोवा नुकताच मोकळा झाला होता आणि मुंबईची हौशी माणसं मिळेल त्या वाहनानं तिकडे निघाली होती. अशाच एका शेठजीची परदेशी स्कूटर कशेडी घाटाच्या पायथ्याशी बंद पडली. शेठजी ती कुशाबाच्या चहाच्या हॉटेलापाशी टेकवून एस. टी.नं पुढे गेला तो गेलाच. पावसाळ्यांमागून पावसाळे ती तिथे भिजली. तिच्या पायठेवणीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. शेवटी कुशाबाच वैतागून हैबतीला म्हणाला, “ने बाबा ही धोंड. हिला बघून बैल बुजतात.”

हैबतीनं ती ढकलत घरी आणली आणि आवडी मनात दिवस मोजू लागली.

पडवीत गोणपाटावर इंजिनाचे तुकडे पसरले. भाताच्या घासालाही घासलेटचा वास यायला लागला. एरवी घटकाभर एका जागी न टिकणारा हैबती आता दिवसदिवस उकिडवा बसून असे. बघणाऱ्याला वाटावं, माणूस सुधारला. पण त्याची आई बयाबाई पोराला ओळखून होती. ती म्हणाली, “आवडे, घोडी सजली की स्वार निघायचा गो.” हैबतीनंही ते कधी लपवलं नाही. “रंग सुकला की गोवा,” तो म्हणायचा. “तिकडं खाणीत मशिनी हायत. हाताला काम हाय.”

एके दिवशी इंजिन फटफटलं. गोठ्यातले बैल दावणीला झटले, शेजारपाजार गोळा झाला, आणि आवडी चुलीपुढून उठून दारात आली. आता राहिला फक्त रंग.

पण रंगाचं काम तिला वाटलं तेवढं सोपं नव्हतं. मुंबईच्या गॅरेजात हैबती रंगाच्या खोलीत राबला होता. पत्र्यावर मोहरीएवढा गंज राहिला तरी तो आतून रंग फोडतो, हे तिथे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यानं जुना हिरवा रंग सगळा खरवडला, लाकडी हातोड्यानं पोचे काढले, काचकागद घेऊन पत्रा घासघास घासला. गाडी नव्या ताटासारखी लखलखली. महाडहून आणलेला निळ्या रंगाचा डबा माळ्यावर तयार होता.

ते दिवस कोकमांचे होते. आवडी आगळ गाळत होती, म्हणजे मीठ घालून मुरवलेला कोकमाचा लालभडक रस. गाळता गाळता ती उठली आणि पत्र्यात आपलं तोंड दिसतं का ते बघायला गाडीजवळ गेली. ओला हात सहज पत्र्यावर टेकला. सकाळी बघते तर तिथे तिची पाचही बोटं गंजून उमटलेली!

हैबतीला वाटलं, पुसताना कुठे ओल राहिली. कपाळावर हात मारून तो पुन्हा घासायला बसला. खर्र, खर्र. चुलीपुढे बसलेली आवडी तो आवाज ऐकत राहिली. म्हणजे आजचा दिवस नवरा घरात.

मग तिला ती चटकच लागली. संध्याकाळी हैबती घासलेटनं पत्रा साफ करून, कोरडा पुसून कुशाबाकडे चहाला गेला की ही आगळाचा फडका हळूच फिरवायची. सकाळी गंज. पुन्हा काचकागद, पुन्हा फडका, पुन्हा गंज. बरणी तळाला गेली तशी बयाबाई पुटपुटली, “सोलकढी तर कुणी प्यालं नाय. आगळ जातं कुठं?” आवडीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चोरी होती, तिला कळत होतं. पण नवरा समोर जेवायला बसलेला दिसला की तिचं मन म्हणायचं, आणखी एक दिवस.

हैबती मात्र आतून पोखरला जात होता. गॅरेजातला उस्ताद म्हणायचा, काही माणसांच्या घामालाच गंज असतो. अशानं लोखंडाला हात लावू नये. हैबतीनं हाताला फडकी गुंडाळून काम केलं, तरी गंज आला. मग त्यानं हत्यारं पोत्यात बांधली. कोयतीला शिवेना, नांगराला शिवेना. अंगणातून रस्त्याला, रस्त्यावरून अंगणात, नुसत्या येरझारा. एका दुपारी आवडी पाणवठ्यावर गेली तर हा दगडावर बसून राखेनं हात घासत होता. तळवे सोलवटले होते. “घराण्यात कुणाचे हात असे नव्हते गो,” तो म्हणाला. “माझेच मेले वाईट निघाले.”

आवडीनं घागर खाली ठेवली. नवरा घरात ठेवायच्या नादात तिनं त्याचे हातच त्याच्याकडून काढून घेतले होते. आणि हातांवाचून हैबतीत उरलं काय?

“अवो, हात चांगलं हायत तुमचं,” ती म्हणाली. “गंज आगळाचा हाय. मीच लावत होते. रंग झाला की तुम्ही जाणार, म्हणून.”

हैबती उठला. तिला तिथंच सोडून घराकडे चालू लागला. रात्री ताटावर बसला नाही. दुसऱ्या दिवशी हत्यारांचं पोतं सोडून त्यानं गाडी शेवटची घासली. त्याच्या पुढच्या सकाळी उठला, गाडी तशीच नागडी लखलखत होती. माळ्यावरच्या डब्याकडे त्यानं बघितलंही नाही. लाथ मारून इंजिन चालू केलं आणि कशेडीच्या बाजूला निघून गेला.

“गेला,” बयाबाई म्हणाली.

आवडीनं शेण काढलं, उखळात भात सडला, सडलेला भात पुन्हा सडला. घाटातून ट्रक उतरला की ओटीवर यायची, आवाज ओळखून आत जायची. ऊन कललं. दिवेलागण झाली. तिनं सासूचं ताट वाढलं, आणि फटफट ऐकू आली.

गाडी लाल धुळीनं माखली होती. हैबती खाली उतरला, पण तिच्याकडे न बघताच बोलला.

“राग गेलेला नाय माझा. खेडच्या पुढं गेलो व्हतो.”

“मग?”

“मग काय! ऊन उतरलं. धूळ बसलेली, माझ्या घामाचे हात उठलेले. रातची ओल लागली असती तर सकाळी हिचा लाल चिखल झाला असता. उघड्या पत्र्याची गाडी, सांजेला घरी आणून पुसायलाच लागती.”

“डबा काढते माळ्यावरनं,” आवडी खाली बघत म्हणाली. “उद्या रंग द्या. मी नाय हात लावायची.”

“रंग दिला तर कुठंबी उभी करता येईल,” हैबती म्हणाला. “नको तो.”

निळा रंग बेंदराच्या सणाला बैलांच्या शिंगांना लागला. गाडी मात्र जन्मभर बिनरंगाचीच राहिली. तिच्यावरून हैबती दिवसा घाटात ट्रक दुरुस्त करायला जाऊ लागला. घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरना ती वळणावर चमकताना दिसली की हायसं वाटे. त्यांनी कितीही आग्रह केला तरी हैबती रात्रीचा मुक्काम करीत नसे. दिवेलागणीला घरी यायचा आणि आवडीकडे फडका मागायचा. तिनं दिलेला फडका तो आधी नाकाला लावून बघायचा, आणि दरवेळी आवडी तोंड फिरवून चुलीकडे जायची.