चेअरमनची बायको ओढ्यात उतरते

सत्यभामा खरात यांना सहा पायांच्या कुठल्याही प्राण्याची कधी भीती वाटली नाही. दोन पायांच्या प्राण्यांबद्दल मात्र त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. जन्म मुकुंदवाडीचा, वडील चिकलठाण्याच्या कारखान्यात कामाला. लहानपणी इतर पोरी बाहुल्यांची लग्नं लावत तेव्हा ही पोर डबक्यातून चतुराच्या अळ्या पकडून बरणीत पाळायची. पुढं त्याच अळ्यांच्या जोरावर ती प्राणिशास्त्राची प्राध्यापक झाली. कॉलेजातली पोरं पाठीमागं तिला किडेबाई म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि हजेरी घेताना ती कधीकधी स्वतःच म्हणायची, "किडेबाई आल्यात, बसा आता."

सांडू खरात पाहायला आले त्या दिवशीही बरणी खिडकीत होतीच. काय बोलावं सुचेना म्हणून त्यांनी लोणचं कसलं ते विचारलं. सत्यभामानं बरणी त्यांच्या हातात दिली. आतल्या अळीनं नेमका त्याच वेळी खालचा ओठ फटकन लांबवून डासाचं पिल्लू मटकावलं. सांडूंनी बरणी खाली ठेवली, घोटभर पाणी प्यायलं आणि होकार कळवला. याला धाडस म्हणायचं की बँकेतल्या नोकरीमुळं आलेली सहनशक्ती, हे त्यांच्या लग्नाला तीस-एक वर्षं होऊनही ठरलेलं नाही.

दोघं निवृत्त झाले आणि शहराच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी, निसर्गविहार नावाच्या कॉलनीत राहायला गेले. बिल्डर लोक जे तोडतात त्याचंच नाव कॉलनीला देतात, तसलं हे नाव. कॉलनीला खेटून वाघओढा वाहायचा. त्यात वाघ कुणाच्या आज्यानंही पाहिला नव्हता. कॉलनीचा चेअरमन व्हायला कुणी तयार नव्हतं म्हणून सांडू बिनविरोध निवडून आले आणि देशाचा कारभार हाती आल्यासारखे वावरू लागले. मागच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'स्वच्छ कॉलनी, सुंदर कॉलनी' असं रंगवून घेतलं. सुंदरमधला अनुस्वार पेंटर विसरला, तोही यांनी स्टुलावर चढून दिला.

एका वर्षी दिवाळी सरल्यावर वॉर्डाचे पुढारी आप्पासाहेब यांनी खालच्या अंगाला ओढ्याचं सुशोभीकरण केलं. दगडी पायऱ्या, रंगीत दिवे, फायबरचे दोन वाघ आणि फोटो काढायला एक कट्टा. पाणी दिसायला निवळ होतं. उद्‌घाटनाला एखादा शास्त्रज्ञ असला की बातमी वजनदार होते, म्हणून त्यांनी सत्यभामाबाईंना गळ घातली. फार काही नको मॅडम, पाणी शुद्ध आहे एवढे दोन शब्द बोला, असा निरोप आला.

बाई दोन शब्द बोलायला गेल्या, पण मंडळी जमायच्या आधीच साडी खोचून, घरची पिठाची चाळणी घेऊन पाण्यात उतरल्या. दगड उलटे केले, गाळ चाळला, सापडलं ते पांढऱ्या ताटलीत ओतलं आणि ती ताटली घेऊनच स्टेजवर चढल्या. हारतुऱ्यांच्या शेजारी ताटलीत लाल दोऱ्यासारख्या अळ्या वळवळत होत्या. काही मळकट अळ्यांना उंदरासारखी लांब शेपटी होती.

भाषणात त्यांनी सांगितलं की बाटलीतलं पाणी फक्त आजचं सांगतं, किडा मात्र महिनोन्‌महिने त्याच पाण्यात काढतो, त्यामुळं त्याची साक्ष पक्की. चांगल्या पाण्यातले किडे फार नखरेल असतात, हवा जरा कमी पडली की जीव सोडतात. या लाल अळ्या मात्र गटारातही मजेत नांदतात. मग ताटली उचलून त्या शांतपणे म्हणाल्या,

"ही शेपटी म्हणजे हिचं नाक हाय. पाण्यात हवाच नसली की ती शेपूट वर काढून श्वास घेते. असलं पाणी आज आपण आप्पासाहेबांच्या हस्ते जनतेला अर्पण करतोय."

लोक हसले. दुसरा कुणी असता तर तिथंच भडकला असता. पण आप्पासाहेब तीन निवडणुका कोळून प्यालेला माणूस. त्यांनी माइक घेतला, मॅडमचे जाहीर आभार मानले आणि सांगून टाकलं की ही घाण कोण करतं ते मॅडमनीच शोधावं, जो सापडेल त्याचं नाव याच स्टेजवरून पुकारू. सगळ्यांच्या माना वरच्या अंगाला वळल्या. तिकडं चतुराबाईंचा म्हशींचा गोठा होता. सगळ्यात मोठ्यानं टाळ्या सांडूंनी वाजवल्या.

रविवारी नवरा-बायको त्या दगडी पायऱ्यांपासून ओढ्याच्या कडेनं वर निघाले. ताटली सांडूंच्या हातात, कुरकूर त्यांच्या तोंडात. बाई थांबत, दगड उलटत, चाळत, बघत. सगळीकडं तेच, लाल अळ्या आणि शेपट्या. गोठा आला तेव्हा बाईंच्या मनात निकाल लागूनही गेला होता. गोठ्यातलं शेण खरोखरच ओढ्यात ओघळत होतं. चतुराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आठ म्हशींच्या मालकीण, आवाज नवव्या म्हशीचा. स्टेजवरची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"माझ्या गोठ्याच्या वरबी बघा की मॅडम," त्या म्हणाल्या. "का तिथं हात घालायला लाज वाटती?"

बाईंना राग आला, पण मुद्दा बिनतोड होता. त्या गोठ्याच्या वर गेल्या आणि दगड उलटला. तिथंही लाल अळ्या, उलट जास्तच. चतुराबाईंनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली, ती बाईंना आपल्याच पाठीत बसल्यासारखी वाटली.

आणखी वर पूल होता. पुलापलीकडं पहिलाच दगड उलटला आणि बाईंचा चेहरा पालटला. दगडाला चपट्या, तीन शेपट्यांच्या अळ्या चिकटल्या होत्या, अंगाच्या दोन्ही बाजूंनी पिसांसारखे कल्ले हलवत. पंख फुटले की त्यांचं आयुष्य जेमतेम दिवसभराचं, आणि त्यात खायला तोंडसुद्धा नसतं. बाईंच्या मते म्हणूनच त्या इतक्या सज्जन. शेजारी वाळूच्या कणांची नळी विणून आत राहणारी एक अळीही होती. सगळी नखरेल मंडळी इथं सुखात होती. म्हणजे घाण पूल आणि गोठा यांच्या मधेच कुठंतरी मिसळत होती.

तेवढ्यात सांडूंना अचानक भूक लागली. घरी जाऊ, ऊन झालंय, बीपीची गोळी राहिलीय, असं त्यांनी सुरू केलं. बाई ऐकतात कसल्या. पुलाखालच्या घाणेरीच्या जाळीत त्या शिरल्या आणि तिथं एक जाडजूड पाइप सापडला. पाइप भिंतीतून आला होता. भिंतीवर अनुस्वारासकट सुंदर कॉलनी होती.

"अहो, हा पाइप कसला?"

"पावसाच्या पाण्याचा."

"पावसाच्या पाण्याला असला वास कधीपासून यायला लागला?"

सांडूंनी ताटली खाली ठेवली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कॉलनीची सेप्टिक टाकी सारखी भरायची, उपसायला गाडी वेळेवर यायची नाही, रहिवासी चेअरमनच्या नावानं बोंबलायचे. शेवटी कमिटीनं तात्पुरती सोय म्हणून टाकीचा पाइप ओढ्यात सोडला. सही चेअरमनची. तात्पुरत्याला आता बरीच वर्षं झाली होती.

बाईंना आधी संताप आला. मग एकदम आठवलं की सकाळी आपणही त्याच घरात आंघोळ करून निघालो होतो. रोज सकाळी साखळी ओढून जे सोडून देत होतो, त्याच्यावरच आपण स्टेजवर विनोद केले. त्या पुलाच्या कठड्यावर बसल्या.

नंतर घरात दोन दिवस पिठलंच शिजलं. सांडूंनी एकदाच तोंड उघडलं. उगम नक्की सांगता येत नाही, अधिक संशोधनाची गरज आहे, एवढंच म्हण, असं ते म्हणाले. वाक्य मोठं चलाख होतं. याच वाक्यावर कित्येक विद्वानांनी पेन्शन गाठलेली बाईंनी पाहिली होती. खोटं काय सांगावं, तेच म्हणावं असं त्यांनाही रात्रभर वाटलं. नवऱ्याची अब्रू, शेजार, भिशी, सगळं पणाला होतं. पण वाक्य मनात म्हणून पाहिलं की दर वेळी चतुराबाईंची म्हशीवरची ती थाप ऐकू यायची.

आप्पासाहेबांनी सांगितल्याप्रमाणं स्टेज घातलंच होतं. चतुराबाई पुढच्या रांगेत, भांडायच्या तयारीनं आल्या होत्या. बाई उभ्या राहिल्या.

"घाण माझी हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या घरातली, आन्‌ आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक घरातली. चतुराबाईंचं शेण त्याच्यापुढं काहीच नाय."

सांडू शेवटच्या रांगेतून उठले. लोकांना वाटलं पळाले. पण ते अडखळत पुढं आले आणि बायकोशेजारी उभे राहून एवढंच म्हणाले की सही माझी आहे.

पुढचे दिवस वाईट गेले. कॉलनीनं बाईंना भिशीतून काढलं. घराची किंमत पाडली म्हणून कुणी फाटकापाशी येऊन बोलून गेलं. सांडूंनी राजीनामा दिला. नव्या चेअरमनची निवड करायला सभा भरली, तासभर सगळे एकमेकांकडं बघत बसले आणि शेवटी सांडूंनाच परत निवडून घरी गेले. पण आता स्टेजवर नाव निघालेलं, आप्पासाहेबांची माणसं रोज विचारायला येत, त्यामुळं सुटका नव्हती. कुरकुरत का होईना वर्गणी जमली, टाकी वाढवली, पुढं गाळणीचा खड्डा करून त्यात कर्दळ लावली आणि ओढ्यातला पाइप काढला. बाईंनी चतुराबाईंकडं जाऊन माफी मागितली आणि त्याच दमात शेणासाठी खड्डा खणायलाही सांगितलं. चतुराबाईंनी माफी लगेच घेतली. खड्ड्याला चार महिने लावले.

पुढच्या दिवाळीनंतर बाई पुन्हा खालच्या अंगाला उतरल्या. लांब शेपटीवाल्या अळ्या गायब होत्या, लाल अळ्या कमी झाल्या होत्या, चतुराच्या अळ्या आल्या होत्या. पण तीन शेपट्यांची ती सज्जन मंडळी अजून पुलाच्या खालच्या अंगाला यायला तयार नव्हती. आप्पासाहेबांनी निकाल विचारला तेव्हा बाईंनी सांगितलं, "पास नाय. एटीकेटी."

दुसऱ्या दिवशी फायबरच्या वाघांवर बॅनर झळकला, वाघओढा एटीकेटीसह उत्तीर्ण, मार्गदर्शक आप्पासाहेब. कोपऱ्यात सांडूंचा फोटो होता, चेअरमन म्हणून. बाईंचा नव्हता. बाईंनी बॅनर वाचला, सांडूंना त्याच्याखाली उभं करून फोटो काढला आणि ताटली त्यांच्या हातात देऊन पुढच्या दगडाकडं वळल्या.