झोपमोड

आमच्या घरी कुकरची शिट्टी कधी वाजली नाही. आई भात पातेल्यात शिजवायची, कारण आत अण्णा झोपलेले असायचे. पिंपरीच्या संत तुकाराम नगरमधली दीड खोली आणि वडील कंपनीत, प्रेस शॉपला. थर्ड शिफ्टचा आठवडा असला की सकाळी येऊन, आंघोळ करून ते आडवे व्हायचे, आणि मग दुपार कलेपर्यंत घरात श्वाससुद्धा परवानगी काढून घ्यायचा. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली. माझ्या हातून वाटी पडली तर आई ओरडायची, पण तेही कुजबुजत. "भवाने, त्यांची झोपमोड केलीस तर बघ! तिकडं मशीनवर डोळा लागला म्हणजे बोटं जातील." कुजबुजत ओरडणं आईइतकं कुणालाच जमलेलं मी पाहिलं नाही.

सेकंड शिफ्टला उलटं. ते यायचे तेव्हा मी अंथरुणात. बऱ्याचदा मी जागी असायचे, पण उठायची सोय नव्हती. सकाळची शाळा ना! डोळे मिटून ऐकत पडायचे. बूट ते बाहेरच काढायचे. ताटावरचं झाकण काढून खाली ठेवताना मध्ये बोट घालायचे, आवाज नको म्हणून. फर्स्ट शिफ्टला ओव्हरटाइम. राहता राहिली सुट्टी, तर कंपनीची गुरुवारी आणि शाळेची रविवारी. झालं! बापलेकीची गाठ पडणार कधी?

त्यांना उठवायचं काम मात्र माझं. हाक मारायची नाही, गदागदा हलवायचं नाही. पायाचा अंगठा धरायचा आणि हळूहळू दाबत राहायचं. ते डोळे उघडायचे, मान हलवायचे, उठून बसायचे. आमचं बोलणं एवढंच.

पुढे मी डॉक्टर झाले, आणि त्यातही भूलतज्ज्ञ. हाच विषय का घेतलास, असं कुणी विचारलं की मी मार्कांचं कारण सांगते. खरं म्हणजे दुसरं काय येत होतं मला? झोपलेल्या माणसाजवळ गप्प बसून त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवायचं, हे शिक्षण तर घरीच झालं होतं. नातेवाइकांना अजून वाटतं, मी कंपाउंडरच्या वरची आणि डॉक्टरच्या खालची कुणीतरी आहे. "म्हणजे तू नुसतं झोपवतेस? मग ऑपरेशन कोण करतं?" पेढ्यांचा पुडा सर्जनला मिळतो. पेशंटला माझा चेहराही आठवत नाही. सांगवीहून भोसरी, भोसरीहून चाकण, जिथून फोन येईल तिथे गाडी काढायची, माणूस नीट शुद्धीवर आला की निघायचं. शुद्धीवर आणताना बाकीचे गालावर चापट्या मारत मोठमोठ्यानं हाका मारतात. माझ्याच्यानं ते होत नाही. श्वासाची नळी काढून झाली की मी पायाशी जाते आणि अंगठा धरते. चाकणचा एक सर्जन चिडवतो, "मॅडम, आता अंगाईपण म्हणा की!"

लग्न केलं नाही. जमलं नाही म्हणा हवं तर. आई गेल्यावर अण्णांना सांगवीच्या फ्लॅटवर आणलं. म्हटलं, आता शिफ्ट नाही, शाळा नाही, आता पोटभर बोलू. कसलं काय! म्हातारा टीव्हीसुद्धा आवाज बंद करून बघतो. मी दमून घरी आले की मांजराच्या पावलानं उठून आपल्या खोलीत जातो. "अण्णा, जेवलात का?" विचारलं तर नुसती मान हलते. मला राग येतो, खरंच येतो. दोन माणसं एका घरात राहतात आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक दिवसभर ऐकू येते. एवढी वर्षं गेली, पण बापाचा आवाज कसा आहे, हे मला धड सांगता येणार नाही.

यंदा त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन टळण्यासारखं नव्हतं आणि हृदय आधीच थकलेलं. रक्ताच्या माणसाला आपण भूल देत नाही, म्हणून एका मैत्रिणीला बोलावलं आणि मी बाहेर बाकावर बसले. रोज लोकांना "काळजी करू नका" म्हणणारी मी, आतला काही आवाज येतो का म्हणून दाराकडे कान देऊन होते. ते जातील याची भीती होतीच. पण न बोलताच जातील, याची जास्त होती.

ऑपरेशन पार पडलं. मैत्रिणीनं मला आत रिकव्हरी रूममध्ये बोलावलं तेव्हा नळी काढून झाली होती, पण अण्णा अजून डोळे उघडत नव्हते. मी सवयीनं पायाशी गेले, अंगठा धरला, दाबत राहिले. उशाशी नर्स खणखणीत आवाजात हाका मारत होती, "आजोबा! ओ आजोबा! डोळे उघडा बरं!"

अण्णांचे ओठ हलले. नर्स वाकली, मीही पुढे झाले. डोळे अर्धवट मिटलेले, आणि बोलणं लातूरकडचं, इतकी वर्षं पिंपरीत राहून पुसलं गेलं असेल असं मला वाटलेलं.

"हळू बोल की माय," ते नर्सला म्हणाले. "लेकरू झोपलंय."

"अण्णा, मी जागी आहे," मी म्हटलं. मोठ्यांदा. त्यांच्यासमोर इतक्या मोठ्यांदा मी जन्मात बोलले नव्हते. "अण्णा, मी जागीच होते!"

शेजारच्या खाटेवरचा पेशंट दचकला. अण्णांनी सलाइन लावलेला हात कसाबसा उचलला, ओठांवर बोट ठेवलं आणि पुन्हा डोळे मिटले.