नजर वहिनींची, सही माझी

लोणावळ्याच्या आमच्या वाचनालयाचं एक हस्तलिखित मासिक निघत असे. प्रत एकच, तीही टेबलाला सुतळीने बांधलेली. वाचणारे फार तर चाळीस. त्या चाळीस जणांत मी दीड वर्षं कलासमीक्षक म्हणून ओळखला जात होतो आणि मला ते फार आवडत होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे आडवळणं घ्यायला नकोत.

मी स्टेशनवर पार्सल ऑफिसात कारकून होतो. लढाईचे दिवस होते. गोऱ्या सैनिकांच्या स्पेशल गाड्या घाटाच्या इंजिनांसाठी लोणावळ्याला थांबत, आणि गाडी गेली की बाकांवर रंगीत, पातळ पुस्तकं पडलेली असत. झाडूवाले ती रद्दी म्हणून आमच्याकडे आणून टाकत. आम्ही त्यांत दिव्यांच्या काचा गुंडाळत असू. एकदा एक उघडून पाहिलं. प्रत्येक पानावर चौकटी, चौकटींत माणसं, आणि थंडीत वाफ निघावी तसे त्यांच्या तोंडातून पांढरे ढग निघालेले. ढगांत इंग्रजी अक्षरं. एक इसम अर्धा चेहरा झाकून, अंगाला चिकटलेला पोपटी पोशाख घालून, त्यावरून लंगोट कसून, पाठीवर लाल उपरणं सोडून इमारतींवरून उडत होता. हा कोण, का उडतो, याला पगार कोण देतो, मला काही उमगेना. सात-आठ अंक घरी घेऊन गेलो.

घरात दादा, वहिनी आणि मी. दादा इंजिन शेडमध्ये फिटर, दिवसभर बाहेर. वहिनी मळवलीकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. पण नागपंचमीला आमच्या आळीतल्या प्रत्येक घरात भिंतीवर नाग काढायला त्यांनाच बोलावणं यायचं. माझी पाळी लवकर सुटायची. दुपारी मी येऊन पाहतो तो वहिनी तांदूळ निवडत बसलेल्या, आणि सुपाशेजारी मी आणलेला अंक उघडा पसरलेला. दमट हवेने पानं वळतात म्हणून चारी कोपऱ्यांवर खडे ठेवलेले.

"भावजी," त्या म्हणाल्या, "ह्याचं उपरणं डाव्या अंगाला उडतंय आन धूर उजव्या अंगाला. वारा दोन्हीकडनं सुटलाय व्हय?"

मी वाकून पाहिलं. खरंच तसं होतं. मी ते पान तीनदा चाळलं होतं.

"आन ह्याला पाय काढता येत न्हाईत," त्या पुढे म्हणाल्या. "मुठी बघा कशा झ्याक काढल्यात. पण पाय आलं की गवत काढतो. गवत नसंल तितं धूर काढतो."

त्या महिन्याच्या मासिकात 'परदेशी चित्रकथा : एक अभिप्राय' असा माझा लेख आला. त्यात उपरणं होतं, धूर होता, गवतात लपवलेले पाय होते. वहिनी कुठेच नव्हत्या. चिटणीस, पेन्शनीतले हेडमास्तर, म्हणाले, "तुमची दृष्टी सूक्ष्म आहे हो. लिहीत चला."

मग आमचा क्रम ठरून गेला. स्पेशल गेली की नवे अंक, दुपारी वहिनींचं पाहणं, महिनाअखेर माझं लिहिणं. दादा एकदा दोघांना असं पानांवर वाकलेलं पाहून म्हणाला, "दीर-भावजयीनं आता दुकानच टाका. 'लंगोटीवाल्यांची परीक्षा करून मिळेल' म्हणून पाटी लावा."

मजकूर वाचून दाखवायचं काम माझं. मी मॅट्रिक, माझं इंग्रजी पावत्यांपुरतं. हे इंग्रजी निराळंच होतं. एक गुंड छाती काढून म्हणत होता, आपण 'टफ गाय' आहोत. कोशात 'गाय' शब्द पाहिला तर अर्थ दिला होता, तंबूचा दोर. मी वहिनींना सांगितलं, "तो म्हणतो, मी चिवट दोर आहे."

"दोर? चित्रात दोर कुटं हाय?"

"म्हणण्याची रीत असेल त्यांची."

कळलं नाही असं म्हणवेना. वहिनींसमोर तर नाहीच. मग जिथे अडलं तिथे मी मनचं जोडून सांगू लागलो. ढगात काहीही असो, मी भीमाला शोभतील असे संवाद म्हणायचो. वहिनी ऐकायच्या, चित्राकडे पाहायच्या आणि गोंधळायच्या.

"तुमी म्हंता ह्यो धमकावतोय. पण ह्याची मान बघा, आत गेलीया. ह्यो भ्यालाय." थोडा वेळ तांदूळ निवडून मग त्या निकाल द्यायच्या, "काढणारा शहाणा हाय, भावजी. लिवणारा येडा."

तेही मी छापलं, म्हणजे वळणदार अक्षरात लिहिलं. 'चित्रे सजीव, परंतु लेखन असंबद्ध, पात्रांच्या मुद्रेशी विसंगत.' समुद्रापलीकडच्या त्या लेखकाने काय लिहिलं होतं ते मला आजही माहीत नाही. कदाचित चांगलंच लिहिलं असेल.

एका अंकातली एक बाई मला अजून दिसते. जिन्यात उभी आहे, गोष्टीत तिला काही काम नाही. वहिनींनी तिच्यावर बोट ठेवलं. "समदा भार एका पायावर टाकलाय तिनं. ज्यानं काढली त्यानं दमलेली बाई नीट बघितलीय." आणि त्यानंतरच्या अंकाला त्यांनी नाक मुरडलं. "हे त्यानं काढलेलं न्हाई."

"नाव तेच आहे, वहिनी. हे पाहा, वर छापलंय."

"नाव असंल. पयला रेघ वडायचा आन सोडून द्यायचा. ह्यो वडतो आन थांबून बघतो, पयल्यासारखी झाली का म्हणून."

मी पुष्कळ वेळ दोन्ही अंक शेजारी ठेवून पाहिले. मला फरक दिसला नाही. लेखात मात्र लिहिला.

वहिनींना एकच भाऊ होता. आईबाप गेलेले, शेत चुलत्यांकडे. तो पलटणीत भरती होऊन इटलीत गेला होता. तिसरी शिकलेला, त्यामुळे पत्र स्वतः लिहायचा, शिसपेन्सिलीने, चार ओळी. पत्त्यासाठी त्याने माझं नाव आणि पार्सल ऑफिस दिलं होतं. पत्र आलं की मी घरी नेऊन वाचायचो. वहिनी ते ऐकून घ्यायच्या, मग कागद हातात घेऊन बराच वेळ नुसत्या पाहायच्या.

पावसाळा सरता सरता त्या पत्त्यावर एक छापील इंग्रजी कागद आला. मोकळ्या जागेत टाइप केलेलं भावाचं नाव, नंबर, आणि 'मिसिंग' हा शब्द.

हा शब्द मला चांगला माहीत होता. आमच्या ऑफिसात तो रोज असायचा. कल्याणहून निघालं, लोणावळ्याला उतरलं नाही, ते पार्सल मिसिंग. बहुतेक वेळा ते दौंडला सापडायचं. मी स्वतःला सांगितलं की पलटणीतही असंच असणार. दुसऱ्या गाडीत चढला असेल, दुसऱ्या कुठल्या ठाण्यावर उतरला असेल. सापडला की कळवतील, मग तेव्हाच सांगू. उगाच का रडवायचं? हे मी खरोखर मानत होतो की नाही, त्याचा उलगडा मला अजून होत नाही. सकाळी मानायचो, दुपारपर्यंत शंका यायची.

पण दुसरं एक कारण होतं आणि ते मला स्वच्छ माहीत होतं. दिवाळीच्या मोठ्या अंकासाठी चिटणिसांनी माझ्याकडून दहा पानं मागितली होती. कागद दाखवला असता तर वहिनी पुन्हा चित्रांकडे पाहणार नव्हत्या. मी तो ड्रॉवरमध्ये जुन्या पावत्यांखाली ठेवला आणि दुपारी नवा अंक घेऊन घरी गेलो.

अकरा आठवडे गेले. वहिनी विचारायच्या, "टपाल आलं का?" मी म्हणायचो, बोटी अडकल्यात. दिवाळी आली. भाऊबीजेला भाऊ लांब म्हणून त्यांनी चंद्राला ओवाळलं. मी शेजारीच उभा होतो. दहा पानं तोवर लिहून झाली होती, चिटणिसांनी ती सभेत वाचूनही दाखवली होती.

त्यानंतर वहिनी जेवेनाशा झाल्या. मला राहवेना. ऑफिसात बसून मी भावाचं एक पत्र लिहिलं. जुनी पत्रं समोर ठेवली, शिसपेन्सिल घेतली, त्याचा पाय मोडलेला 'र', त्याची वर उडालेली वेलांटी, सगळं गिरवलं. मी खुशाल आहे, काळजी करू नये.

घरी वाचून दाखवलं. वहिनींनी कागद घेतला, दारातल्या उजेडात नेला.

"ह्यो त्याचा हात न्हाई."

"बोटाला लागलंय म्हणे त्याच्या," मी म्हणालो. "दुसऱ्या कुणी लिहून दिलं असेल."

त्यांनी कागदावरची नजर काढली नाही. "दुसऱ्यानं लिवलं तर आपल्या हातानं लिवील की. ह्यो त्याच्यासारकं काढाया का बगतोय?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"भावजी, काय आलंय?"

मी स्टेशनवर गेलो, ड्रॉवरमधला कागद काढला आणि आणून त्यांच्यासमोर ठेवला. शब्द वाचला. अर्थ विचारला तेव्हा पार्सलचाच अर्थ सांगितला, माझ्याकडे दुसरा नव्हता.

"सापडतंय का मग?"

"बहुतेक सापडतं."

"आन जे सापडत न्हाई त्येच्यावर काय लिवता?"

"तेच. मिसिंग."

कागद कधी आला ते त्यांनी विचारलं आणि मी खरं सांगितलं. त्या आत गेल्या आणि कोपऱ्यातले सगळे अंक आणून माझ्या पुढ्यात ठेवले. फेकले नाहीत, नीट लावून ठेवले. दादाने त्यानंतर चार महिने माझ्याशी एक शब्द काढला नाही. मासिकातलं माझं लिहिणं थांबलं. चिटणिसांना मी डोळ्यांचं कारण दिलं.

लढाई संपली. दुसरा कागद आला, त्याला मृत समजण्यात येत आहे. समजण्यात, म्हणजे नक्की कुणाला काय समजलं, हे कुणाला विचारायचं तेच कळेना.

एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. एक गोष्ट कुणालाच नव्हती.

त्या अकरा आठवड्यांत एक शिपाई माझ्या खिडकीवर आला होता. कार्ल्याकडचा, खाकी कपड्यांतला, मागून पाठवलेली आपली पत्र्याची ट्रंक सोडवायला. पावतीवर मी सही केली तशी त्याने ती वाचली आणि म्हणाला, "तुमीच व्हय त्ये? आमच्यातला एकजण बहिणीला कागद धाडायचा, वर तुमचं नाव असायचं. ताई हितंच असत्यात ना? भेटायचं हुतं. बोलायचं हुतं थोडं."

वहिनी त्या खिडकीपासून पाच मिनिटांवर तांदूळ निवडत होत्या.

"त्या जुन्नरला पाहुण्यांकडे गेल्यात," मी म्हणालो. "दिवाळीनंतर येतील."

"माजी रजा धाच दिसांची," तो म्हणाला. "तुमाला सांगून ठिवू का?"

मागे गिऱ्हाईक होतं. मी म्हणालो, "त्यांनाच सांगा. पुढच्या खेपेला या."

तो गेला. लढाई संपल्यावर मी एकटाच कार्ल्याला जाऊन त्याचं घर शोधून काढलं. तोही परत आला नव्हता.

आता मी पन्नाशी ओलांडली. दादा गेला. वहिनी लढाईनंतर झालेल्या मुलाकडे मळवलीला शेतावर असतात. इथपर्यंतचं लिहून झालं आणि गेल्या रविवारी मी ही पानं घेऊन त्यांच्याकडे गेलो. ज्यांची गोष्ट आहे त्यांना आधी वाचून दाखवायची, एवढंच ठरवलं होतं.

वाचायला लागलो. उपरणं आणि वारा आला तेव्हा त्या हसल्या. चिवट दोराला म्हणाल्या, "मला तवाच वाटलं, तुमी काय तरी जोडताय." भाऊबीजेपाशी पदर सावरून बसल्या. दुसऱ्या कागदापर्यंत मी आलो आणि थांबलो.

"सपलं?"

"नाही."

"मग वाचा की."

मी खिडकीवरच्या शिपायाचं वाचलं. जसं लिहिलंय तसंच, एक शब्द न गाळता. वाचून झाल्यावर पानं मांडीवर ठेवली. त्या ओरडतील असं वाटलं होतं, किंवा उठून जातील.

"बोलायचं हुतं म्हणाला, तवा त्याचं तोंड कसं हुतं?"

"म्हणजे?"

"हसरं हुतं का पडल्यालं? तुमच्याकडं बगत हुता का खाली? मान कशी हुती त्याची?"

मी आठवू लागलो. ट्रंकेला बांधलेला काथ्या आठवला. कडीवरचा गंज आठवला, पावतीवरची माझी सही आठवली. त्याचा आवाज थोडासा आठवला. खिडकीपलीकडे चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हतं. दीड वर्षं मी चेहऱ्यांवर लिहीत होतो.

"मी पाहिलं नाही, वहिनी."

"असं कसं बगितलं न्हाई? समूर हुता की."

"पावतीकडे पाहत होतो."

त्या पुष्कळ वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. माझ्या तोंडावर त्यांना काय दिसलं कोण जाणे.

"बसा मग आठवत," त्या म्हणाल्या. "जेवाया वेळ हाय अजून."

आणि पाटी उचलून गोठ्याकडे गेल्या.