शब्द बाईंचे, रीत मुलांची

विजयाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिसरीच्या वर्गात फळ्यावर आठवड्याचे शब्द लिहीत होते. आठपैकी पाच लिहून झाले होते. "आई सकाळी गेली, मावशी," त्यांचा मुलगा म्हणाला. आजार वर्षभराचा, त्यामुळे धक्का म्हणावा असं काही नव्हतं. तरी खडू हातात तसाच राहिला... मग मी वळले आणि उरलेले तीन शब्द लिहिले. काम अर्धवट टाकलेलं ताईंना चाललं नसतं.

थळच्या पुढे, किनाऱ्यावरच्या एका छोट्या शाळेत आम्ही नऊ वर्षं शेजारच्या वर्गांत शिकवलं. त्या दुसरीला, मी तिसरीला. मी माणगावकडची, भातशेतीच्या घरातली. कोळीवाड्यातलं बोलणंसुद्धा मला सुरुवातीला अर्धंच कळायचं. ताईंनीच मला घरोघरी नेलं, ओळखी करून दिल्या. उंचीने लहान, आवाज मोठा, आणि एकदा ठरवलं की ठरवलं.

आमच्याकडे शुद्धलेखनाचा गृहपाठ म्हणजे दहा शब्द, प्रत्येक दहा वेळा. दुसरीतली दर्शना तो कधीच पूर्ण करायची नाही. दर सोमवारी तिला वर्गात उभं राहावं लागे. हळूहळू तिने सोमवारी येणंच सोडलं, मग मंगळवारीही. ताई तिच्या घरी गेल्या, मीही सोबत होते. दर्शनाची आई सुकलेले बोंबील गोळा करत होती. "बाई, पोर शालेशी आली का माझ्यासंगती कामाला लागते," ती म्हणाली. "ती लिवल कवा?"

परतताना ताई शाळेच्या फाटकाशी थांबल्या. म्हणाल्या, "चूक त्या पोरीची नाही गं. माझी आहे."

पुढच्या सोमवारी त्यांनी वर्गात सांगितलं, शब्द आठच देईन, दोन तुम्ही तुमचे आणा. दहाही शब्द प्रत्येकाला आलेच पाहिजेत, पण ते कसे शिकायचे हे ज्याचं त्याने ठरवायचं. कुणी वहीत लिहावेत, कुणी ओल्या वाळूत बोटाने. कुणी दुकानातल्या पुड्यांवर शोधावेत. ज्याचे हात कामात असतील त्याने तोंडाने सांगावेत... र्‍हस्व की दीर्घ, काना की वेलांटी. दर्शनाने हेच निवडलं. पहिल्या आठवड्यात तिने स्वतःचे म्हणून आणलेले शब्द होते 'सुकट' आणि 'शीड'.

मला हे अजिबात पटलं नव्हतं. आपल्याच शाळेत एका वर्गाला मोकळीक आणि दुसर्‍याला नाही, म्हणून माझ्या वर्गातली मुलं कुरकुरायला लागली होती. शिवाय दुसरीच्या वह्या कोर्‍या दिसायच्या. ताईंशी बोलायचं सोडून मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी केंद्रप्रमुखांना कळवलं.

साहेब आले, वह्या चाळल्या. "बाई, यात गृहपाठ कुठे आहे?"

"मुलांकडे आहे," ताई म्हणाल्या. "तुम्ही शब्द घाला, मी बाहेर थांबते."

आणि खरंच व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. मी माझ्या वर्गाच्या दारातून पाहत होते. आत साहेबांनी दहा शब्द घातले. बहुतेकांचे सात-आठ बरोबर आले. दोघा-तिघांचे खूप चुकले, तेही खरं. एवढ्यात दर्शना उभी राहिली. सोमवारी तोंड लपवणारी ती पोरगी म्हणाली, "साहेब, माजा 'सूर्य' चुकला. पयला उकार दिला मी. परत लिवू?"

साहेबांनी तिला परत लिहू दिलं. मग बाहेर येऊन ताईंना म्हणाले, "वह्या मात्र भरलेल्या दिसायला हव्यात."

"भरतील, साहेब. कशा भरायच्या ते मुलं ठरवतील."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ताईंना सांगून टाकलं. "तक्रार मीच केली होती."

"माहीत आहे मला," त्या पिशवी आवरत म्हणाल्या. "ज्या दोघा-तिघांचे चुकले ते जूनमध्ये तुझ्याकडे येतील. तेव्हा तुझ्या वर्गातही सुरू कर."

रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. जूनमध्ये मी सुरू केलं. वर्षअखेरीच्या पालकसभेत दर्शनाची आई सगळ्यांसमोर म्हणाली, "रोज आयकून, पोरीसंगती वालूत गिरवून मना बी आता 'सुकट' लिवाला येते." आणि फळ्याशी जाऊन तिने लिहून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने खडू धरला होता. ताईंनी त्या दिवशी फळा पुसू दिला नाही.

उपचार सुरू झाल्यावरही इस्पितळाच्या दोन फेर्‍यांच्या मधल्या आठवड्यांत त्या शाळेत येत. बसून शिकवत. मी शेवटचं भेटले तेव्हा त्यांना बोलणं अवघड झालं होतं, तरी त्यांनी विचारलं, "बोलून सांगणार्‍यांचं वेगळं ऐकतेस ना?" मी हो म्हटलं.

गेल्या आठवड्यात दुसरीला नव्या बाई आल्या. ताईंचं कपाट मीच उघडून दिलं. वहीत न मावलेला गृहपाठ आत भरला होता... शिंपले चिकटवून केलेला 'मासा', नारळाच्या झावळीवर खिळ्याने कोरलेला 'पाऊस', जाळ्याच्या दोर्‍याने पुठ्ठ्यावर शिवलेली 'होडी'. प्रत्येकामागे पेन्सिलीने मुलाचं नाव. एका फळकुटावर 'दिवा'ची वेलांटी दीर्घ होती, शेजारी ताईंचं बारीक अक्षर, "परत बघ."

"हे सगळं काढून टाकायचं का?" नव्या बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "खुर्ची घ्या. सोमवारी कुठले आठ शब्द देणार, ते आधी ठरवू."

त्या बसल्या. आम्ही पहिला शब्द लिहिला.